मांजरसुंब्याच्या चौकात सटवा फुंकत नाही

माळवस्तीवर रोज सकाळी नऊच्या सुमारास एक तपासणी होते. ती आरोग्य खात्याची नाही आणि आरटीओचीही नाही. ती असते सटवाची.

वस्तीच्या तोंडाशी बाभळीखाली सटवाची काळीपिवळी जीप उभी असते. मागच्या बाकांवर पाच शाळकरी पोरी मांडीवर दप्तरं घेऊन बसलेल्या असतात. आणि सटवा, वय पंचेचाळीस, मिशा दोन माणसांना पुरतील एवढ्या, धुवट पांढरा शर्ट घालून हात मागे बांधून उभा राहतो. पोरींच्या घरच्या ज्या बाईचा त्या दिवशी वार असेल ती समोर येते.

"हा कर."

"हाऽऽ," सटवा करतो.

बाई नाक पुढे करते, वास घेते, क्षणभर डोळे मिटते. मग बॉनेटवर दोन थापा मारते. थापा पडल्या की जीप निघते, नाही पडल्या तर निघायची नाही. असा करार आहे. तो कागदावर कुठेही नाही, त्यामुळे तीन वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

हा करार बायनाबाईच्या डोक्यातून निघाला. बायनाबाई ही वस्तीवरची पासष्टीची बाई. तिची नात ऋतुजा पाच पोरींपैकी एक. फाट्यावर येणारी एसटी बंद झाली तेव्हा पोरींची शाळाही बंद पडायच्या बेताला आली. चौथीपर्यंतची शाळा वस्तीवर होती, पुढची मांजरसुंब्याला, मधे नऊ किलोमीटर आणि घाट. सगळ्या वस्तीत चार चाकांचं वाहन एकच, सटवाची जीप. आणि सटवाची कीर्ती अशी की जीप कुठे उभी आहे हे बघून लोक दारूचं दुकान उघडलं की नाही ते ओळखत.

त्याची दारू मात्र तोवर सुटली होती. सोडण्याची कथा काही फार थोर नाही. चार वर्षांपूर्वी मांजरसुंब्याच्या चौकातच पोलिसांनी त्याला धरलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं, आणि आकडा आला दोनशे चौदा. तीसच्या वर गेलं की गुन्हा असतो, सटवा सातपट पुढे होता. कोर्टात दंड झाला, लायसन सहा महिने गेलं. जीप नाही म्हणून तो बापाच्या मेंढरांमागे फिरू लागला. एका दुपारी दारू लावून बाभळीखाली झोपला, आणि मेंढरं सरपंचाच्या हिरव्यागार हरभऱ्यात शिरली. जागा झाला तेव्हा तीन मेंढरं पोट फुगून आडवी पडली होती. बापाने एकट्याने खड्डा खणायला घेतला, आणि सटवाला कुदळ काही दिली नाही. त्या दिवसापासून सटवाने दारूला तोंड लावलं नाही.

पण हे सांगितलं तरी मानणार कोण? पुरुषांनी तोडगा काढला की रोज सकाळी आम्ही त्याचा वास घेऊ. बायनाबाईने तो तिथेच मोडून काढला.

"तुमच्या नाकाला त्यो वास घरचा वाटंल," ती म्हणाली. "बाया घेतील."

आणि तिने सटवाला सगळ्यांसमोर सांगितलं, "एक दिस जरी वास आला ना सटवा, तर खेप बंद. पोरी घरी बसतील. मग कुणाकुणाचं लगीन कुठं ठरतंय ते तूच मोजत बस."

सटवाने मान डोलावली. पाच पोरींची शाळा आपल्या तोंडाच्या वासावर टांगलेली आहे हे ओझं त्याने त्या दिवशी घेतलं ते घेतलंच. लग्नात कुणी थंडा म्हणून काही दिलं तरी तो आधी दुसऱ्याला पाजून बघायचा.

आता गोष्ट त्या जानेवारीतल्या मंगळवारची.

रस्ता सुरक्षेचा पंधरवडा चालू होता. चौकात बॅनर लागलेला, त्यावर हेल्मेट घातलेला एक हसरा माणूस, आणि त्याच्या खाली बिनहेल्मेटचे सगळे. रात्रीची न उतरलेले ड्रायव्हर सकाळी उसाच्या गाड्या घेऊन निघतात, म्हणून पोलिसांनी सकाळीच नाकाबंदी लावली होती. सटवाची जीप घाट चढून चौकात आली आणि हवालदार बद्रीनाथांनी हात आडवा केला.

जीप थांबवायला त्यांना तीन कारणं मिळाली. पहिलं म्हणजे काळीपिवळीत फक्त पाच माणसं. बीड जिल्ह्यात काळीपिवळीत पाच माणसं असणं हे टपावर बोकड नसण्याइतकंच संशयास्पद. दुसरं, सटवाचे डोळे लालभडक होते. पहाटे त्याची बायको अंजना तापाने पडून होती, म्हणून चूल त्याने पेटवली होती. लाकडं ओली, अर्धा तास फुंकणी घेऊन तो फुंकत बसला, आणि सगळा धूर डोळ्यांत. आणि तिसरं कारण म्हणजे चार वर्षांपूर्वी त्याला धरणारे हवालदार हेच बद्रीनाथ होते.

"सटवा," बद्रीनाथ म्हणाले, जणू हरवलेलं जनावर सापडलं. "दोनशे चौदा."

"राम राम, सायेब."

"माणसाचं नाव मी इसरतो, आकडा इसरत न्हाई. उतर खाली."

सटवा उतरला. बद्रीनाथांनी पिशवीतून मशीन काढलं, त्याला कोरी प्लास्टिकची नळी बसवली आणि पुढे केलं. ते काळं चौकोनी मशीन पाहिलं आणि सटवाने दोन्ही हात मागे घेतले.

यामागे काय होतं ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, अंजनालासुद्धा नाही. त्याची पक्की समजूत होती की आपल्या अंगात दारू अजून आहे. पंधरा वर्षं प्यालेली ती तीन वर्षांत कुठे निघते? तो धनगराचं पोर. शेळीने लिंबाचा पाला खाल्ला की दूध कडू येतं हे त्याने लहानपणी जिभेने तपासलेलं. घोंगडी दहा पावसाळे भिजली तरी मेंढराचा वास सोडत नाही, हे रोज पांघरून तपासलेलं. मग माणूस काय घोंगडीपेक्षा वेगळा? बायांच्या नाकाला वरवरचं कळत होतं, ते ठीक. पण मशीन खोल बघतं. मशीनने एकदा आत डोकावलं की पंधरा वर्षांचा सगळा माल बाहेर येणार, बद्रीनाथ आकडा वाचणार, आणि पोरी घरी बसणार.

"फुंक," बद्रीनाथ म्हणाले.

"न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

सटवाने मान ताठ केली. आतून माणूस घाबरला की त्याची मान अशीच ताठ होते. "आमची तपासनी झालीया."

"कुठं?"

"वस्तीवर. सकाळी."

"कुनी केली?"

"बायनाबाईनी."

बद्रीनाथांनी मागे वळून पाहिलं, जणू बायनाबाई नावाची एखादी वरिष्ठ अधिकारी मागे उभी असेल. "ही कोन? आरटीओत हाय का?"

"न्हाई. मेंढरं हायत तिची."

"अन् ती काय करती?"

"वास घेती."

जीपच्या मागे पोरींमध्ये हसण्याची एक लाट आली आणि दप्तरांत दाबली गेली.

"सटवा, लई झालं बे," बद्रीनाथ म्हणाले. "फुंकतो का न्हाई?"

"न्हाई. तिनं एकदा हो म्हणल्यावर परत फुंकायचं, म्हंजे तिचं नाक खोटं ठरलं. मी न्हाई फुंकत."

कारण खोटं होतं, पण मोठं रुबाबदार होतं. पोरींना ते फारच आवडलं.

चौकात एव्हाना बंकट येऊन ठेपला होता. बंकट हा धाब्यावरचा कायदेतज्ज्ञ. त्याला वकिली कुणी शिकवली नव्हती, पण त्याच्यावर इतके खटले झाले होते की थोडीफार आपोआप लागली होती. सकाळी दहा वाजता तो जेवढा शुद्धीत असायचा तेवढाच होता, म्हणजे बेताचा. त्याचं मोबाईलवर शूटिंग आधीच चालू होतं, आता त्याने लांबूनच सल्लाही दिला.

"फुंकू नगंस, सटवा. फुंकलं न्हाई तर पुरावा न्हाई. पुरावा न्हाई तर केस न्हाई. आपल्याला ठाव हाय सगळं."

पलीकडे ट्रॅक्टरवाल्याची कागदं बघत असलेल्या फौजदार उज्ज्वलाबाई हे ऐकून इकडे आल्या. तिशीच्या, टोपी सरळ घातलेल्या, आणि आवाज न चढवणाऱ्या. आवाज न चढवणारा पोलीस बघायची चौकाला सवय नव्हती, त्यामुळे सगळे जास्तच घाबरले.

"कोण म्हणतं केस होत नाही?" त्यांनी विचारलं.

बंकट मोबाईलकडे एकाग्रतेने पाहू लागला.

उज्ज्वलाबाई सटवाकडे वळल्या. "दादा, नीट ऐका. मशीनला नकार दिला म्हणजे सुटका झाली असं नसतं. प्यायल्याचा संशय असला आणि माणसाने नकार दिला, तर मी त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकते. मग दवाखान्यात डॉक्टर रक्त काढतात. आणि तुम्ही नकार दिलात, हीच गोष्ट कोर्टात तुमच्या विरुद्ध मोजतात, सबळ कारण सांगता आलं नाही तर. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुमची पहिली वेळ झाली आहे. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत. आता सांगा, सबळ कारण काय आहे?"

"बायनाबाई," मागून ऋतुजा हळूच म्हणाली, आणि दुसरीने तिला चिमटा काढला.

सटवाला मात्र बाकीचं काही ऐकू आलंच नव्हतं. त्याला एकच शब्द ऐकू आला, रक्त. मशीन निदान बाहेरून बघतं. रक्त काढलं तर संपलंच. त्याच्या हिशेबाने रक्तात तर नुसती दारूच असणार होती, रक्त असलंच तर चवीपुरतं. त्याने जीपकडे पाहिलं. पाचही पोरी आता हसत नव्हत्या. ऋतुजाने शाळेची वेळ बघायला मनगट वर केलं आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून लगेच खाली घेतलं. तेवढ्याने सटवाची ताठ मान एकदम सैल झाली.

"बाईसायेब," तो खालच्या आवाजात म्हणाला, "जरा इकडं या."

बाई दोन पावलं बाजूला आल्या. बद्रीनाथही आले, कारण गुपित ऐकायला ते कधी उशीर करत नसत.

"म्या तीन वर्षं झाली सोडली," सटवा म्हणाला. "देवाशपथ. थेंब न्हाई. पण त्याच्या आदुगर लई पेलो. पंधरा वर्षं. ती आत ऱ्हायलेली मशीनमदी दिसंल का?"

उज्ज्वलाबाईंना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी पोलीस अकादमीत दारूच्या कायद्याचे सगळे तास बसून ऐकले होते, पण हा प्रश्न तिथे कुणीच काढला नव्हता.

"म्हणजे तुम्ही त्याच्यामुळे फुंकत नव्हता?"

"दिसली तर पोरींची शाळा जाईल. वस्तीनं तशी अट घातलीया. मला आत टाका, चालंल. खेप बंद झाली न्हाई पायजे."

बाई उत्तर देणार, तोच बद्रीनाथ मधे पडले. त्यांच्या स्वतःच्या घरी चार शेळ्या होत्या.

"काय बे सटवा. धनगर ना तू? शेळीनं लिंबाचा पाला खाल्ल्यावर दूध किती दिस कडू येतं?"

"दोन दिस. लई तर तीन."

"तीन वर्षं कडू दूध देनारी शेळी बघितली का कुठं?"

सटवाने विचार केला. वस्तीवरच्या, मामाच्या गावच्या, बाजारात पाहिलेल्या सगळ्या शेळ्या त्याने मनात पुढून मागे नेल्या. "न्हाई."

"मग?"

"दारू एका दिवसात अंगातून जाते, दादा," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "फार प्यायलेलीसुद्धा दीड दिवसात. हे मशीन फक्त आजचं बघतं. तुम्ही आधी कोण होता ते त्याला कळतच नाही."

सटवा त्या मशीनकडे पाहत राहिला. बद्रीनाथांना त्याचा दोनशे चौदा पाठ होता. वस्तीला त्याच्या पंधरा वर्षांची तारीखवार माहिती होती. बापाला ती तीन मेंढरं ठाऊक होती, अंजनाला तर काय काय ठाऊक होतं. आणि हा एवढासा काळा डबा, ज्याला त्याच्याविषयी काहीच माहीत नव्हतं.

"द्या," तो म्हणाला.

पण तीन वर्षं दाबून ठेवलेली भीती एका श्वासात बाहेर येत नाही. पहिल्यांदा त्याने फुंकलं ते बाळाच्या टाळूवर फुंकावं इतकं हळू. मशीनने कुरकुर केली. दुसऱ्या वेळी अर्ध्यात दम संपला.

"चुलीत फुंकताना कसं फुंकत असशील?" बद्रीनाथ करवादले. "तसं फुंक."

सकाळपासून त्याचा तेवढाच तर सराव झाला होता. सटवाने छाती भरून घेतली, डोळे मिटले आणि फुंकला. मशीन पीं करत राहिलं, तो फुंकत राहिला, मिशा थरथरल्या, मशीन थांबलं तरी तो थांबेना.

"पुरे," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "झालं."

बद्रीनाथांनी आकडा पाहिला. मशीन उलटं केलं, सुलटं केलं, अंगठ्याने काच पुसली. "शून्य? मशीन बिघडलं काय."

"तुम्ही फुंकून बघा ना, खात्री होईल," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

मशीन उत्तम चालू असल्याचं बद्रीनाथांनी तत्काळ मान्य केलं.

डब्यातून एक चिठ्ठी सरकत बाहेर आली. सटवाने एक प्रत मागून घेतली, घडी केली, उघडून पाहिली, पुन्हा घडी केली. "सायेब," तो बद्रीनाथांना म्हणाला, "तुमाला आता दुसरा आकडा पाठ करावा लागंल."

"शून्य काय पाठ करायचा बे," बद्रीनाथ म्हणाले, पण हसले. "पळ. पोरींना उशीर झाला."

पोरींना पंधरा मिनिटं उशीर झाला. सटवा स्वतः मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "म्या पेलोय का ते बघायला पोलिसांनी धरलं होतं. पेलो नव्हतो. म्हनून उशीर." एवढं बोलून तो बाहेर आला. 'पेलो नव्हतो' हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच कुणी न विचारता त्याच्या तोंडून निघालं होतं.

पण तो वस्तीवर पोचायच्या आधी बंकटचा व्हिडिओ पोचला होता. बंकटने सटवा "न्हाई फुंकत" म्हणतो ते शूटिंग केलं, पण सटवा फुंकायच्या आतच धाब्यावरून चहाची हाक आली, आणि त्याने आहे तेवढं सगळ्यांना पाठवून दिलं. त्यामुळे वस्तीच्या हिशेबाने सटवा आतापर्यंत तुरुंगात होता. बाभळीखाली बाया जमल्या होत्या. तापातून उठून अंजना आली होती, डोक्याला फडकं बांधून. बायनाबाई मधोमध, कमरेवर हात.

सटवाने चिठ्ठी पुढे केली. बायनाबाईला अक्षर येत नव्हतं, आणि वस्तीवरची भरभर वाचणारी मंडळी या वेळेला शाळेत होती. चिठ्ठी अंजनाने घेतली. तिला आकडे येत होते. तिने ती दोनदा पाहिली आणि पदरात बांधली.

"शून्य हाय," तिने एवढंच सांगितलं.

"मंग आदुगर न्हाई कावून म्हनला?" बायनाबाईने विचारलं. "व्हिडिओत तर ताठ उभा हाय नुसता."

"तुमचं नाक खोटं पडलं असतं."

"माझ्या नाकाची तुला कावून पडलीया? म्या वास घेते ते माझी पत राखायला का? पोरी पोचाव्या म्हनून घेते. पोलीस इचारू दे, कलेक्टर इचारू दे, उद्या कुत्र्यानं हुंगलं तरी उभं राहायचं. जो इचारंल त्याला हा करायचं अन् गाडी पुढं काढायची. तुझ्या त्या रुबाबात पोरींची पंधरा मिनटं गेली."

सटवाने मान खाली घातली. इतकी गोड बोलणी त्याने वर्षभरात खाल्ली नव्हती, कारण खेप बंद असा शब्द त्यात कुठेच नव्हता.

बंकटचा व्हिडिओ मात्र फिरत राहिला. तो पलीकडच्या तांबडवस्तीवर गेला, आणि त्याच्या मागोमाग शून्याची बातमीही गेली, कारण ती ऋतुजाने संध्याकाळी घरी आल्याबरोबर स्वतः गावभर केली. तांबडवस्तीवरच्या बायांनी दोन्ही ऐकलं आणि आपसात ठरवलं. दुसऱ्या ड्रायव्हरांना कुणी तपासलेलंच नाही, याला तर पोलिसांनी धरून तपासलाय.

बुधवारी सकाळी जीपपाशी तांबडवस्तीच्या दोन पोरी जास्त उभ्या होत्या. एकीचं नाव राजनंदिनी. आठवीत गेली तेव्हा शाळा सुटली, त्याला दीड वर्ष झालं होतं. गणवेश आखूड झाला होता, दप्तर मात्र नवं होतं. बाकीच्या मागे चढल्या, ती खाली उभी राहून रस्त्याकडे पाहत होती.

"काका, घाटात लई वळणं हायत म्हनं," ती म्हणाली.

"हायत," सटवा म्हणाला. त्याने पुढच्या सीटवरचा स्टेपनीचा पाना, फडकं आणि पाण्याचं कॅन उचलून मागे टाकलं. "तू पुढं बस. पुढं बसलं की मळमळत न्हाई."